फोर-स्ट्रोक स्नोमोबाइल घेताना आधी ट्रॅक ठरवा, मग इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बराचसा वेळ ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर, एका दिवसात दीड-दोनशे किलोमीटर. मधूनमधून ट्रेल सोडून पावडरमध्ये, म्हणजे ताज्या, भुसभुशीत बर्फात उतरायचं, आणि हिवाळ्यातून एकदा चार-पाच दिवस रॉकी पर्वतात जायचं. टू-स्ट्रोकचा धूर, वास आणि सारखं ऑइल भरणं नको म्हणून फोर-स्ट्रोकच हवी. गाडी एकच घ्यायची आहे. आणि स्की-डूची 900 टर्बो, साधी 900 की सेकंडहँड यामाहा, हे ठरत नाहीये.

माझं मत आधीच सांगतो. इंजिनाचा प्रश्न तुम्ही पहिला घेतलात, तो दुसरा घ्या. पावडरमध्ये फोर-स्ट्रोक चालेल की रुतेल हे निम्म्याहून जास्त ट्रॅकवर, म्हणजे गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्यावर ठरतं. इंजिन नंतर बदलता येत नाही हे खरं, पण चुकीच्या लांबीच्या ट्रॅकवर बसवलेलं उत्तम इंजिनही तुम्हाला खड्ड्यातच नेतं.

आधी वजनाचं बोलू, कारण सगळं तिथून सुरू होतं. डोंगरासाठी बनवलेली 850 सीसीची टू-स्ट्रोक कोरड्या वजनात साधारण 200 किलोच्या आसपास असते. ट्रेलची टू-स्ट्रोक 220 च्या घरात जाते. स्की-डूची 900 टर्बो ट्रेल गाडी 250 च्या जवळपास, आणि यामाहाची 998 टर्बो त्याहूनही जड. कॅटलॉगमधलं वजन कोरडं असतं हे विसरू नका. 40 लिटर पेट्रोलचेच जवळजवळ 30 किलो होतात, त्यावर कूलंट, इंजिन ऑइल आणि बॅटरी. म्हणजे फोर-स्ट्रोक घेताना तुम्ही ट्रेलच्या टू-स्ट्रोकपेक्षा अंदाजे 30 किलो, म्हणजे 13-14 टक्के जास्त वजन घेताय.

आता ट्रॅककडे बघा. ट्रेल गाडीवर बहुधा 137 इंच लांब आणि 15 इंच रुंद ट्रॅक असतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ट्रेल आणि पावडर दोन्हींसाठी बनवलेल्या गाडीवर 146 लांब आणि 16 रुंद मिळतो. लांबी गुणिले रुंदी केली तर दुसरा पहिल्यापेक्षा सुमारे 14 टक्के मोठा निघतो. म्हणजे इंजिनाने वाढवलेलं वजन एवढ्या फरकाने ट्रॅक जवळपास भरून काढतो. म्हणून म्हणतो, फोर-स्ट्रोक आणि पावडर दोन्ही हवं असेल तर 137 वर थांबू नका. 146 च्या आसपास या. ट्रेलच्या वळणांवर लांब ट्रॅक थोडा आळशी वाटतो, गाडी वळणात सरळ जायला बघते, पण दोन-चार दिवसांत हाताला सवय होते. खड्डे पडलेल्या ट्रेलवर तर लांब ट्रॅकचा फायदाच होतो, दोन उंचवट्यांमधली दरी तो अलगद ओलांडतो आणि कंबर वाचते.

लगची, म्हणजे ट्रॅकवरच्या रबरी दातांची उंची मात्र हव्यासाने वाढवू नका. निव्वळ ट्रेलसाठी 1.25 इंच पुरतात, खोल डोंगरी पावडरसाठी अडीच-तीन इंच लागतात. तुमच्यासारख्या मिश्र वापराला 1.5 ते 2 इंचांच्या दरम्यानचं काहीतरी. त्याहून उंच लग घट्ट ट्रेलवर वेगात वाकत राहतात, तापतात, गाडी खाली डुलते. शिवाय ट्रॅक ज्यांवरून घसरतो ते आतले स्लायडर आणि टनेलखालचे (ट्रॅकवरच्या धातूच्या छताखालचे) कूलंट थंड करणारे हीट एक्स्चेंजर या दोन्हींना उडणारा सैल बर्फ लागतो. काचेसारख्या कडक ट्रेलवर तो मिळत नाही, आणि मग तापमानाचा दिवा लागतो. म्हणून आइस स्क्रॅचर, म्हणजे कडक बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा, हे ॲक्सेसरी समजू नका, पहिल्या दिवशी बसवून घ्या.

वजन किती, याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. फोर-स्ट्रोकमध्ये सिलिंडर हेड, कॅमशाफ्ट, ऑइलची व्यवस्था, टर्बो असेल तर त्याचे पाइप आणि इंटरकूलर, हे सगळं पुढे असतं. ट्रेलवर हे वजन स्कींना जमिनीशी धरून ठेवतं, गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते, आणि लांबच्या प्रवासात त्याचं सुख कळतं. पावडरमध्ये तेच वजन नाक खाली घालतं. तुम्ही थ्रॉटल सोडला की पुढचा भाग बुडायला लागतो. फोर-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंगही चांगलंच असतं, त्यामुळे टू-स्ट्रोक जिथे घसरत पुढे जाते तिथे ही जागेवर बसते. म्हणून पावडरमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, थोडा धरून ठेवायचा आणि थांबायचं असेल तर उताराकडे तोंड करून थांबायचं. आपणच दाबलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर थांबलात तर आणखी बरं.

तरीही रुताल. रुतल्यावर पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे थ्रॉटल आवळणं. ट्रॅक जागच्या जागी फिरतो, खाली खड्डा खणतो, मागचा भाग बसतो आणि अडीचशे किलोची गाडी पोटावर टेकते. इंजिन बंद करा. खाली उतरून फावड्याने आधी ट्रॅकच्या बाजूचा बर्फ काढा, मग रनिंग बोर्डखालचा (पाय ठेवायच्या पट्ट्यांखालचा), कारण गाडी खरी तिथे टेकलेली असते. स्कींच्या पुढे दहा-बारा फूट बर्फ पायांनी तुडवून रस्ता करा आणि पाच मिनिटं थांबा. तुडवलेला बर्फ तेवढ्या वेळात धरतो, हे नवख्यांना पटत नाही, पण धरतो. मग एकाने स्कीच्या दोरीला उताराच्या दिशेने ओढायचं आणि दुसऱ्याने थ्रॉटल हलका द्यायचा. ओढणारा नेहमी बाजूला, स्कीच्या थेट समोर कधीही नाही. टू-स्ट्रोक डोंगरी गाडी एक धडधाकट माणूस मागून उचलून बाजूला सरकवू शकतो. फोर-स्ट्रोकचं तसं होत नाही. ट्रॅकने तरंगण्याची तूट भरून निघते, हातांनी उचलण्याची नाही. त्यामुळे ही गाडी घेऊन पावडरमध्ये एकट्याने जाऊ नका, ही माझी ठाम विनंती आहे.

आता इंजिन. स्की-डूच्या रोटॅक्स 900 एस कुटुंबात साधी 95 हॉर्सपॉवरची, 2019 मध्ये आलेली 150 ची टर्बो आणि 2022 ची 180 ची टर्बो आर असे प्रकार आहेत. पोलारिसने 2023 मध्ये 999 सीसीचं ट्विन-सिलिंडर फोर-स्ट्रोक आणलं, तेही साधारण नव्वदीतलं, टर्बो नसलेलं. ट्रेलवर रमतगमत, कधी मागे कोणाला बसवून फिरायचं असेल तर साधी 900 अप्रतिम आहे. शांत, पेट्रोल कमी पिणारी, सुटसुटीत. पण तुम्ही रॉकीजचं नाव घेतलंत, आणि तिथे हिशेब बदलतो. टर्बो नसलेलं इंजिन दर 300 मीटर उंचीला साधारण 3 टक्के ताकद गमावतं. 2,700 मीटरवर तुमचे 95 जेमतेम 70 राहतात, आणि तेही नेमके खोल बर्फात, जिथे ट्रॅकचा वेग टिकवून ठेवण्यावरच सगळं अवलंबून असतं. टर्बो विरळ हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे त्याची गळती पुष्कळच कमी. म्हणून तुमच्या वापरासाठी टर्बोच, आणि माझ्या मते 150 सुद्धा पुरेल. 180 ट्रेलवर वापरायला जागा लागते, आणि पावडरमध्ये ती जास्तीची ताकद नवख्या अंगठ्याखाली खड्डाच खणते. या गाड्यांत थ्रॉटलचे मोड असतात, पावडर शिकताना सौम्य मोडवर ठेवा.

रॉकीजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फोर-स्ट्रोक डोंगरी गाडी करून बघितली नाही असं नाही. यामाहाने नायट्रो आणि नंतर साइडवाइंडरच्या एमटीएक्स नावाच्या डोंगरी आवृत्त्या काढल्या, आर्क्टिक कॅटने एम 1100 टर्बो काढली. सरळ उभ्या चढावर त्या जबरदस्त जात. पण झाडीतून आडव्या उतारावर, गाडी एका कडेवर तोलून नेताना, वजनाने माणूस दमून जायचा. आज कंपन्यांच्या डोंगरी गाड्या टू-स्ट्रोकच आहेत, आणि ते उगाच नाही. तेव्हा 146 ची फोर-स्ट्रोक घेऊन रॉकीजमध्ये मोकळी कुरणं, रुंद उतार, जंगलातले बर्फाळ रस्ते हे सगळं आनंदाने करा. दाट झाडीतल्या तीव्र उतारांवर जायचं असेल तर त्या दिवसांपुरती डोंगरी टू-स्ट्रोक भाड्याने घ्या. चार-पाच दिवसांसाठी वर्षभराची गाडी चुकीची घेऊ नका. आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचा विचार असेल तर तिथे धूर आणि आवाजाच्या ठरलेल्या मर्यादेत बसणाऱ्या स्नोमोबाइललाच प्रवेश असतो. फोर-स्ट्रोक आहे म्हणून आपोआप चालेल असं धरू नका, तुमचं मॉडेल मान्य यादीत आहे का ते आधी पाहा.

डोंगरात जाताना हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, गाडीच्या बॅगेत नाही. गाडी तुमच्यापासून वेगळी होऊ शकते. उतारावर एका वेळी एकच जण. मित्र वर रुतला तर मदतीला दुसरी गाडी त्याच उतारावर चढवायची नाही. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय पार्किंगमधून निघू नका.

सस्पेन्शनबद्दल फार लिहीत नाही. स्कींमधलं अंतर ट्रेल गाडीत 42-43 इंच असतं, डोंगरी गाडीत 36 च्या आसपास. काही क्रॉसओव्हरमध्ये ते कमी-जास्त करता येतं. तशी मिळाली तर घ्या.

बॅटरीबद्दल मात्र लिहितो, कारण विक्रेते सांगत नाहीत. बऱ्याच टू-स्ट्रोकला दोरी ओढून सुरू करायची सोय असते, या फोर-स्ट्रोकला नसते. उणे 25-30 मध्ये रात्रभर उघड्यावर राहिलेली बॅटरी सकाळी निम्म्या ताकदीचीही उरत नाही, आणि त्याच वेळी थंड ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. चांगली बॅटरी, मुक्कामाला असताना मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर), आणि बरोबर खिशातला जंप स्टार्टर. तो अंगाजवळ, जॅकेटच्या आत ठेवा, नाहीतर तोही गारठतो. सुरू झाल्यावर कूलंट गरम होईपर्यंत जोर देऊ नका. सारखं पाच-दहा मिनिटंच चालवून बंद करत असाल तर पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरत राहतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला. हंगाम संपल्यावर गाडी ठेवताना नवं ऑइल घालूनच ठेवायची.

आता सेकंडहँड यामाहा. 2003 च्या आरएक्स-1 या मॉडेलपासून यामाहाने ट्रेलवरच्या वेगवान फोर-स्ट्रोकचा पाया घातला, आणि त्यांची इंजिनं खरोखर टिकतात. 30,000 किलोमीटर झालेली, अजून खणखणीत वाजणारी यामाहाची ॲपेक्स किंवा वेक्टर मिळणं नवलाचं नाही. पण यामाहाने 2023 मध्ये स्नोमोबाइलचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि उत्तर अमेरिकेतलं 2025 हे शेवटचं मॉडेल-वर्ष ठरवलं. सुटे भाग मिळत राहतील असं कंपनीने म्हटलं आहे, तरी दहा वर्षं वापरायची गाडी घेताना जवळचा डीलर अजून ते काम करतो का हे विचारा. निव्वळ ट्रेलसाठी मी ॲपेक्सला आनंदाने हो म्हणेन. तुमच्या पावडरच्या हिश्श्यासाठी ती नको, तिचं पुढचं वजन ऐन पावडरमध्ये सोसवत नाही.

तरी बघायला जाणारच असाल, तर बघताना खाली वाका. मागचा भाग स्टँडवर घेऊन टनेलच्या आत टॉर्च मारा. ट्रॅकला स्टड (पकडीसाठी बसवलेले धातूचे खिळे) असतील तर हीट एक्स्चेंजरवर चरे आहेत का, कूलंटचे हिरवट डाग आहेत का ते दिसतं. ट्रॅक हाताने फिरवत प्रत्येक लगचं मूळ बघा, तिथे फाटायला सुरुवात होते. स्की धरून आडवी हलवा. खटखट झाली तर बुश गेले आहेत, ते स्वस्तात होतं. चेनकेसचं (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीचं) ऑइल काढू दिलं तर त्यातल्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघा. बारीक काळा गाळ चालतो, चमकणारे तुकडे नाही. आणि बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून एवढं नक्की सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर हात लावून ते थंड आहे याची खात्री करा, आणि मगच किल्ली फिरवा. थंड फोर-स्ट्रोक कशी सुरू होते, पहिल्या मिनिटात काय वाजते आणि मागून कसल्या रंगाचा धूर येतो, हे गरम इंजिनावर कधीच कळत नाही.