अमेरिकेत फूड पँट्री नेमकी कशी चालते? गाडी असलेली माणसं तिथे फुकट धान्य न्यायला का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीकडे न्यू जर्सीला आला आहात, शनिवारी सकाळी एका चर्चबाहेर गाड्यांची लांबलचक रांग दिसली आणि ती फुकट धान्य न्यायला आलेल्यांची आहे असं कळलं. तर ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांच्यावर ही वेळ का येते, आणि ही पँट्री म्हणजे आपल्या रेशन दुकानासारखं सरकारी काही असतं का?

मी अशाच एका पँट्रीत सात-आठ वर्षं काम करते आहे. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा मला नोकरीची परवानगी नव्हती. घरात बसून जीव आंबला होता, म्हणून शेजारणीबरोबर एकदा गेले आणि तिथेच रमले. पहिल्या दिवशी मलाही गाड्याच खटकल्या. एक बाई तर आमच्या गाडीपेक्षा नवी गाडी घेऊन आल्या होत्या. आमची पँट्री चालवणाऱ्या बाई शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या. त्यांना मी हळूच विचारलं. त्या बटाट्याच्या पिशव्या बांधता बांधता म्हणाल्या, "गाडी विकून ती कामावर कशी जाईल तेवढं मला सांग."

मला सांगता आलं नाही. तुम्हीही आठवडाभर मुलीच्या घराजवळ बस शोधून बघा, म्हणजे कळेल. इथल्या बहुतेक उपनगरांत गाडी नसेल तर गोदामातली रात्रपाळी नाही, हॉस्पिटलातली साफसफाई नाही, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम नाही. गाडी आली की हप्ता आला, विमा आला. घरभाडं एक तारखेला. यातलं काहीही थकलं की लगेच कुणीतरी दारात उभं राहतं. भाडं थकलं तर नोटीस, हप्ता थकला तर गाडीच उचलून नेतात, बिल थकलं तर वीज तोडतात. पोटाला चिमटा काढला तर मात्र कुणाची नोटीस येत नाही. म्हणून पहिली कात्री तिथेच लागते. आधी आई एक वेळचं जेवण सोडते, मग मुलांच्या ताटातलं दूध-फळं जातात. पँट्रीतून दोन पिशव्या सामान मिळालं की तेवढे पैसे हप्त्याकडे किंवा पेट्रोलकडे वळतात. आम्ही देतो ते धान्यच, पण त्यातून वाचतं ते बऱ्याचदा भाड्याचं घर.

हे दोन-चार घरांचं रडगाणं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीप्रमाणे २०२३ साली १३.५ टक्के कुटुंबांना, म्हणजे साधारण १ कोटी ८० लाख घरांना, वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. आमच्याकडे येणाऱ्यांत नातवंडं वाढवणाऱ्या आज्या आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार बंद होणारे शाळेच्या बसचे ड्रायव्हर आहेत, आजारपणात साठवणूक संपलेले लोक आहेत. काही महिन्यातून एकदा येतात. काही दोनदा येऊन गेले की पुन्हा दिसत नाहीत, नोकरी लागली असावी असं आपण समजायचं.

आता रेशनचं. आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. दुकानदार अडवू लागला तर भांडायला तो कायदा आहे. पँट्रीवर असा कुणाचा हक्क नसतो. जे आलंय ते वाटायचं. इथे रेशनच्या जवळ जाणारी सरकारी गोष्ट म्हणजे स्नॅप, पूर्वीचे फूड स्टँप्स. त्यात दर महिन्याला एका कार्डावर पैसे जमा होतात आणि ते दुकानात खाण्याच्या वस्तूंवरच खर्च करता येतात. पँट्री ही स्नॅपच्या फटी बुजवते. स्नॅपवर साबण येत नाही, टॉयलेट पेपर येत नाही, बाळाचे डायपर येत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे डायपरचं फडताळ सगळ्यात आधी रिकामं होतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कार्डावरचे पैसे संपतात आणि आमची रांग वाढते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारच्या शटडाऊनमुळे स्नॅपचेच पैसे रखडले, तेव्हा तर पहिल्या आठवड्यातच महिनाअखेर आल्यासारखी गर्दी झाली होती.

पँट्री आणि फूड बँक यांत लोक गल्लत करतात. फूड बँक म्हणजे घाऊक गोदाम, पँट्री म्हणजे गल्लीतलं दुकान. पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थांनी सुरू केली. सुपरमार्केटच्या मागच्या कचऱ्यातून मुलांसाठी खाणं शोधणाऱ्या एका बाईच्या बोलण्यातून त्यांना ती सुचली, असं सांगतात: नको असलेलं अन्न जमा करायचं, लागेल त्यानं काढायचं, बँकेसारखं. आज फीडिंग अमेरिका या संस्थेच्या जाळ्यात अशा सुमारे २०० फूड बँका आहेत आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या पँट्र्या आणि अन्नछत्रं मिळून साठ हजारांच्या घरात.

माल तीन वाटांनी येतो. सुपरमार्केटचं उरलेलं, लोकांच्या देणग्या (सामान आणि पैसे), आणि कृषी खात्याचा माल. हा शेवटचा टेफॅप नावाच्या योजनेतून येतो. १९८१ साली सरकारी गोदामांत चीजचे डोंगर साठले होते, ते वाटायला ही योजना निघाली. तेव्हा नावातल्या 'टी'चा अर्थ 'टेम्पररी', म्हणजे तात्पुरती, असा होता. १९९० मध्ये तो शब्द काढून तिथे नुसतं 'द' घातलं. अक्षर तेच ठेवून तात्पुरतं कायमचं करायची ही युक्ती मला फार आवडते, आपल्या सरकारी कचेऱ्यांना शोभेल अशी आहे.

दुकानं आपला माल विश्वासानं देतात त्यालाही कारण आहे. १९९६ च्या एका केंद्रीय कायद्यानं, चांगल्या हेतूनं दिलेल्या अन्नामुळे काही झालं तर दात्यावर दावा लागत नाही, घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेला गैरप्रकार असेल तरच लागतो. म्हणून आमची व्हॅन सकाळी साडेसहाला सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी जाते आणि कालचा पाव, ठिपके पडलेली केळी, गोठवलेलं मांस घेऊन येते. मग निवडायचं काम. थंड माल ४१ फॅरनहाइटच्या, म्हणजे ५ सेल्सिअसच्या वर गेलेला असेल तर बाद. डबा शिवणीवर चेपला असेल किंवा फुगला असेल तर बाद, नुसता पोटाला पोचा असेल तर चालतो. तारखांवरून नवे स्वयंसेवक फार घाबरतात. डब्यावरची 'बेस्ट बाय' ही तारीख बहुतेक वेळा चवीची असते, खाणं बिघडल्याची नसते. केंद्रीय कायद्यानं तारीख सक्तीची आहे ती फक्त तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युल्यावर. ती उलटली की तो डबा सरळ कचऱ्यात.

आत कुणाला काय मिळतं, हे मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण आम्ही ते बरीच वर्षं चुकीचं करत होतो. पूर्वी आम्ही पिशव्या आधीच भरून ठेवायचो. सगळ्यांना सारख्या, म्हणजे तक्रार नको. एका शनिवारी काम संपवून निघाले तर कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर तीन डबे बीटाचे, एक क्रॅनबेरी सॉसचा, असे ओळीनं मांडलेले. लेबलं रस्त्याकडे वळवलेली. फेकले नव्हते हो, कुणाला हवे असतील तर दिसावेत म्हणून नीट लावून ठेवले होते. खाली आमचीच पिशवी घडी घालून. मला ती घडी जास्त लागली.

त्याच सुमारास एक बाई सुक्या राजम्याची पिशवी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, हे शिजवायला माझ्याकडे शेगडी नाही. दोन मुलांना घेऊन त्या मोटेलच्या खोलीत राहत होत्या, तिथे फक्त मायक्रोवेव्ह. आमच्या फॉर्मवर घरात माणसं किती हे विचारलं होतं, चूल आहे का हे विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही फडताळं दुकानासारखी लावली. घरात माणसं किती त्याप्रमाणे प्रत्येक फडताळावर आकडा: धान्यातलं तीन, डाळी-कडधान्यातलं दोन, भाजी हवी तेवढी. काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मधुमेहवाला गोड सीरियल घेत नाही, मुस्लिम कुटुंब डब्यातलं डुकराचं मांस घेत नाही, माल वाया जात नाही. दाराशी एक खोकं फक्त मोटेलवाल्यांचं: ओढून उघडायचे डबे, पीनट बटर, मायक्रोवेव्हमध्ये होणारा भात. शनिवारची गाड्यांची रांग २०२० च्या साथीत सुरू झाली आणि आठवडाभर कामावर असणाऱ्यांना सोयीची पडते म्हणून राहिली. तिथे उतरून निवडता येत नाही, म्हणून आम्ही गाडीच्या खिडकीतून यादीचा कागद देतो आणि खुणा केलेलं सामान डिकीत ठेवतो. आतल्या निवडीची सर त्याला नाही, हे माझं मत. आमच्यातल्या निम्म्यांना ते पटत नाही, त्यांना रांग लवकर सरकलेली बरी वाटते.

कागदपत्रांचं विचाराल तर आमच्याकडे नाव, पिनकोड, माणसं किती, आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे असं स्वतःच लिहून सही. पगाराची स्लिप आम्ही मागत नाही. काही पँट्र्या पत्त्याचा पुरावा बघतात, मर्यादा राज्यागणिक वेगळी. जवळची पँट्री शोधायची तर इथे २११ हा नंबर फिरवतात.

तुमच्या मुलीला काही द्यावंसं वाटलं तर पैसे द्यायला सांगा, फूड बँक घाऊकात घेते, त्यामुळे त्याच पैशात कितीतरी जास्त येतं. सामानच द्यायचं असेल तर तेल, मीठ, मसाले, डबे उघडायचा ओपनर. या गोष्टी कुणी देत नाही आणि यांच्यावाचून बाकीचं अडतं. स्वतःच्या आवडीचं देऊ नका, हे मी अनुभवानं सांगते. एकदा मी मोठ्या हौसेनं तूरडाळीच्या दहा पिशव्या नेल्या. तीन आठवडे कुणी हात लावला नाही, मी मात्र दर वेळी जाऊन त्या पुढे सरकवून ठेवायची. शेवटी गयानाहून आलेल्या एका आजोबांनी एक पिशवी उचलली, नाकाशी नेली आणि फडताळावरचा आकडा बघून विचारलं, "दोनच का?" आमच्या बाईंनी माझ्याकडे बघत त्यांना सगळ्या देऊन टाकल्या.

आणि त्या गाड्या. पुढच्या शनिवारी तिथून गेलात तर पुढच्या काचेवर आतून लावलेला कागद बघा. त्यावर मोठा आकडा असतो. तो रांगेतला नंबर नाही, त्या एका गाडीतून किती घरांचं सामान जाणार आहे तो आकडा आहे. शेजारीपाजारी पेट्रोलचे पैसे वाटून घेऊन येतात. मागच्या आठवड्यात एका जुन्या मिनीव्हॅनवर ४ होता. डिकी भरली, पायाशी पिशव्या ठेवल्या, तरी कोबी उरले, तेव्हा मागे बसलेल्या आजींनी ते एकेक करून मांडीवर घेतले.