चुंबकाने खरंच फ्रिज चालू शकतो का? चालत असेल, तर दुकानात का दिसत नाही?

चालतो. लॅन्थॅनम, लोह आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूंवर मी पीएचडी केली, म्हणून हा प्रश्न बघून राहवलं नाही.

आधी एक रुंद रबरबँड घ्या. झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. तसाच ताणून थोडा वेळ धरा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा, गार लागेल. गॅडोलिनियम नावाचा धातू चुंबकाजवळ असंच वागतो. त्याचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक. एरवी ते वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असतात. चुंबकीय क्षेत्रात नेले की एका रांगेत येतात, आणि दिशांमधली जी अव्यवस्था कमी झाली ती अणूंच्या थरथरीत जाते, म्हणजे धातू तापतो. ही उष्णता पाण्याने काढून घ्यायची आणि धातू क्षेत्राबाहेर आणायचा. आता तो मूळ तापमानापेक्षा गार झालेला असतो.

अशा धातूंमध्ये हा परिणाम क्यूरी तापमानाजवळ (ज्याच्या वर गेलं की धातूचं आपसूक चुंबकत्व नाहीसं होतं) सर्वांत जास्त दिसतो. गॅडोलिनियमचं क्यूरी तापमान साधारण 20 अंश सेल्सियस, म्हणजे नेमकं खोलीचं. तरीही 2 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचं एकक) क्षेत्रात मिळतात जेमतेम पाच-साडेपाच अंश. बाहेर 35 आणि आत 4 हवे असताना एवढ्याने काय होणार?

यावर जो उपाय निघाला तो मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. धातूच्या बारीक गोळ्या किंवा पातळ पत्रे एका नळीत भरतात. क्षेत्र लावलं की पाणी गार टोकाकडून गरम टोकाकडे ढकलायचं, काढलं की उलट. प्रत्येक फेरीत नळीचं एक टोक थोडं आणखी तापतं, दुसरं थोडं आणखी गार होतं. नळीतला प्रत्येक तुकडा आपापल्या तापमानाभोवती पाचच अंश काम करतो, पण दोन टोकांच्या तापमानातला फरक त्याच्या कितीतरी पट वाढतो. नासाच्या ब्राउन यांनी 1976 मध्ये गॅडोलिनियम आणि 7 टेस्लाचं क्षेत्र वापरून अशा पद्धतीने 47 अंशांचा फरक मिळवला होता.

पण 7 टेस्ला स्वयंपाकघरात आणणार कुठून? निओडिमियमच्या कायमस्वरूपी चुंबकांतून कामाच्या फटीत साधारण 1 ते 1.5 टेस्ला मिळतं, आणि यंत्रातला सगळ्यात जड आणि महाग भाग तोच होतो.

मग पदार्थच जास्त जोरकस शोधला तर? 1997 मध्ये अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की आणि श्नाइडनर यांना गॅडोलिनियम, सिलिकॉन, जर्मेनियमच्या संयुगात खूप मोठा परिणाम दिसला. तिथून आमच्यासारख्यांची रांग लागली. अशा पदार्थांत चुंबकत्वाबरोबर स्फटिकाची रचना किंवा आकारमानही एकदम बदलतं, जोर तिथूनच येतो. दुखणंही तिथेच आहे. क्षेत्र लावतानाची वाट आणि काढतानाची वाट वेगळी पडते (हिस्टेरेसिस), आणि दर फेरीला थोडी ऊर्जा वाया जाते. शिवाय माझ्या मिश्रधातूचं आकारमान त्या बदलात टक्का-सव्वा टक्का हलतं. आठवडाभर भट्टीत ठेवून केलेला नमुना काही फेऱ्यांनंतर हातात भुग्यासारखा येतो तेव्हा काय वाटतं, ते मी अनेकदा अनुभवलंय. फ्रिजला तर अशा कोट्यवधी फेऱ्या झेलायच्या असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: घरगुती फ्रिजमध्ये हे इतक्यात येणार नाही. कॉम्प्रेसर स्वस्त आहे, वर्षानुवर्षं टिकतो, आणि आता बऱ्याच फ्रिजमध्ये थंडावा देणारा वायू म्हणून आयसोब्युटेन असतो, ज्याचा हवामानावरचा भार नगण्य आहे.

अतिथंड तापमानात मात्र ही पद्धत जुनी आणि मुरलेली आहे. जियोक आणि मॅकडूगल यांनी 1933 मध्ये गॅडोलिनियमच्या क्षारावरचं क्षेत्र काढून 0.25 केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (उणे 273 अंश) जेमतेम पाव अंश वर, गाठलं. 2023 मध्ये सोडलेल्या जपानच्या एक्सरिझम उपग्रहातला क्ष-किरण संवेदक याच तत्त्वाने 0.05 केल्विनला ठेवला जातो.

मला खरी आशा आहे ती या पद्धतीने हायड्रोजन द्रव करण्याची. तो द्रव होतो उणे 253 अंशांना. तिथे अणूंची थरथरच इतकी मंदावलेली असते की तेवढ्याच अव्यवस्थेच्या बदलात तापमान कितीतरी जास्त हलतं. जपानच्या निम्स संस्थेतल्या संशोधकांना 2020 मध्ये होल्मियम डायबोराइडमध्ये 15 केल्विनच्या (उणे 258 अंश) आसपास असाच मोठा परिणाम सापडला. पुन्हा पीएचडी करायची झाली, तर मी भट्टीत होल्मियम घालेन.