चेहऱ्यावर काळ्या पट्ट्या असलेला कस्तूर

प्रश्न : ऑगस्टमध्ये सह्याद्रीतल्या एका देवराईत जमिनीवर पाचोळा उलटणारा पक्षी दिसला. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा डाग. पुस्तकातल्या नारिंगी डोक्याच्या कस्तुराशी सगळं जुळतं, पण चित्रात त्याचा चेहरा कोरा आहे. माझ्या फोटोत गळा आणि गाल पांढरे, त्यावर दोन उभ्या काळपट पट्ट्या. चोचीत गांडुळं होती. ही वेगळी जात की संकर?

उत्तर : दोन्ही नाही. पक्षी कस्तूरच आहे, चित्र मात्र दुसऱ्या मुलखातल्या कस्तुराचं आहे. कोऱ्या नारिंगी चेहऱ्याचा तो सिट्रिना उपजातीचा, हिमालयात वीण करणारा. अख्ख्या जातीचं शास्त्रीय नाव पक्षीशास्त्रज्ञ लॅथमने १७९० मध्ये दिलं, तेही हेच. तुमचा आहे सायनोटस, द्वीपकल्पीय भारतातली उपजात. जार्डिन आणि सेल्बी यांनी १८२८ मध्ये तिचं वर्णन केलं. म्हणजे आपल्याकडे 'वेगळा' ठरायचा तर तो कोऱ्या चेहऱ्याचा!

फोटो मोठा करून पाहिला. एक पट्टी थेट डोळ्याखाली उतरते, दुसरी त्यामागे, कानावरून. मधला पांढरा भाग स्वच्छ आहे. एवढं पुरे. शिवाय ऑगस्टमध्ये चोचभर गांडुळं न गिळता नेणारा पक्षी बहुधा पिल्लांसाठीच नेत असतो. सायनोटसची वीण पावसाळ्यातच होते, आणि त्या दिवसांत सिट्रिना हिमालयात असतो.

पाठीच्या रंगावरून मात्र उपजात ठरवू नका. नराची पाठ निळसर राखाडी, मादीची तपकिरी-हिरवट. तो नर-मादीतला फरक. अंगावर फिकट रेघा असतील तर पिल्लू समजा.

माझीही एकदा फजिती झाली आहे. जुन्या वह्यांमध्ये मी पानोपानी नुसतं 'नारिंगी कस्तूर, पाचोळ्यात' असं लिहून ठेवलंय. चेहऱ्याबद्दल अक्षर नाही. त्यातल्या हिवाळ्यातल्या नोंदी आता कुठल्या उपजातीच्या मानायच्या? सिट्रिना थंडीत दक्षिणेकडे उतरतो, अगदी श्रीलंकेपर्यंत. त्यामुळे नोव्हेंबरनंतर नुसता महिना पाहून चालत नाही, चेहरा दिसावाच लागतो.

आणि तो सहज दिसत नाही. पाचोळ्यात खसखस ऐकू आली की आपण सरडा समजून पुढे जातो. तिथेच बसा, हलू नका. दोन-चार पानं चोचीने फेकून झाली की तो मान वर करून थबकतो, बाजूने पाहतो. पट्ट्या तेव्हाच टिपायच्या.

जानेवारीत कोरा चेहरा दिसला तर मात्र फोटो त्याच दिवशी पाठवा.