रुग्णच पुढे येत नसतील तर लैंगिक आरोग्य केंद्र वाचवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की सरकारी लैंगिक आरोग्य केंद्राच्या वेळा निम्म्यावर आल्यात, समुपदेशकाची जागा भरलीच जात नाही, केंद्र बंद होणार अशी कुजबुज आहे. पण तिथे जाणारं कुणीच उघडपणे बोलत नाही, मग लोकांनी काही करून उपयोग होतो का?

होतो. अशा मोहिमांमध्ये मी निवेदनं लिहिण्यापासून सतरंज्या उचलण्यापर्यंत सगळं केलंय, त्यावरून सांगते. डायलिसिस बंद होणार म्हटलं की रुग्णांचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकावर बसतात. गोनोरियासारख्या लैंगिक संसर्गाचा रुग्ण कसा बसेल? त्याने घरातसुद्धा सांगितलेलं नसतं. निधीला कात्री लावणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, म्हणून ती इथे आधी लागते.

तेव्हा रुग्णांना पुढे करायचा नाद सोडा. पत्रकार ‘एखादा पेशंट बोलेल का’ म्हणून मागे लागतील, त्यांना सरळ नाही म्हणा. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९९८ मध्ये गुगू दलामिनी या बाईने आपण एचआयव्हीबाधित आहोत हे जाहीर सांगितलं आणि काही दिवसांतच जमावाने तिला मारून टाकलं. त्याच महिन्यात सुरू झालेल्या ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ या संघटनेने मग ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं ठळक छापलेले टी-शर्ट काढले आणि ते सगळ्यांनीच घालायचे ठरवलं. बाधित, बाधित नसलेले, डॉक्टर, कामगार, सगळेच. कोण रुग्ण आणि कोण सोबतीला आलेला, हे ओळखणंच अशक्य झालं. २००२ मध्ये खुद्द नेल्सन मंडेलांनी तो टी-शर्ट घातला. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने, आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेव्हिरापीन हे औषध मोजक्या केंद्रांपुरतं अडवून ठेवायला सरकारला मनाई केली. खटला याच संघटनेने लढवला होता.

तुमच्याकडे टी-शर्ट नसले तरी चालेल, पण गर्दी अशीच मिसळलेली हवी. महिला मंडळं, कॉलेजची मुलं, निवृत्त नर्स, औषध दुकानदार यांना आणा. गर्भनिरोधकं आणि गरोदरपणातली सिफिलिसची तपासणी हेही याच सेवांचं काम आहे, हे कळलं की ‘आपला काय संबंध’ म्हणणारे बरेच जण गप्प होतात.

दुसरं म्हणजे जबाबदारी नेमकी कुणाची, ते लेखी मिळवा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून या सेवा स्थानिक परिषदांकडे गेल्या, आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या सार्वजनिक आरोग्य निधीतून ऐन वर्षात २० कोटी पौंड कापले. पुढे एचआयव्ही टाळणाऱ्या प्रेप गोळ्यांचा विषय आला, तेव्हा राष्ट्रीय आरोग्य सेवा म्हणाली की प्रतिबंध हे परिषदांचं काम, आम्हाला तो अधिकारच नाही. ‘नॅशनल एड्स ट्रस्ट’ ही संस्था कोर्टात गेली, २०१६ मध्ये जिंकली आणि अपिलातही टिकली. अधिकार आहे, एवढंच कोर्टाने सांगितलं होतं. गोळ्या नियमित मिळायला २०२० उजाडलं. तरी टोलवाटोलवीची ती सबब कायमची गेली.

‘तुटवडा नाहीच’ हे उत्तर तर ठरलेलं. २०२२ च्या जुलैत दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयात एचआयव्हीबाधितांनी ठिय्या दिला, तो महिन्याहून जास्त चालला. एचआयव्हीच्या उपचाराच्या महिन्याऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या हातात पडत होत्या, आणि सरकार म्हणत होतं साठा पुरेसा आहे. तो निधीकपातीचा नव्हे, पुरवठ्याचा प्रश्न होता, पण धडा तोच. म्हणून रोज नोंद ठेवा: केंद्र किती वाजता उघडलं, कोणती तपासणी ‘किट नाही’ म्हणून झाली नाही, किती जण परत गेले. नावं मात्र अजिबात लिहू नका.

एक सांभाळा. ‘केंद्र बंद झालं म्हणून साथ आली’ असं ठोकून देऊ नका. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत एचआयव्ही तपासणी करणारं एकमेव केंद्र २०१३ मध्ये बंद झालं आणि २०१५ मध्ये तिथे एचआयव्हीची साथ उघडकीस आली. शेवटी दोनशेहून जास्त माणसं बाधित निघाली. साथ पसरली ती नशेच्या सुया एकमेकांत वापरल्याने. पण तपासणीच नव्हती, त्यामुळे ती लवकर दिसली नाही. इतकंच म्हणा, ते पुरेसं भयंकर आहे. जास्त बोललात तर समोरचा अधिकारी त्याच वाक्यावर तुम्हाला पकडेल.

सह्यांची मोहीम हवी तर करा, माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा अर्थसंकल्प मंजूर व्हायच्या आधी, आकडे अजून कच्चे असतात तेव्हा, हरकत नोंदवा. आणि केंद्रातल्या नर्स तुम्हाला आतली माहिती देतीलच, त्यांचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. बदली सगळ्यात आधी त्यांचीच होते.