घोड्यांचा डॉक्टर उपचार सोडून दिवसभर करतो काय?

तुम्ही विचारलंय की बारावीनंतर महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जायचं आणि पुढे फक्त घोड्यांचंच काम करायचं ठरवलंय, तर उपचारांखेरीज या डॉक्टरचा दिवस कशात जातो आणि कमाई किती होते. मी त्याच कॉलेजातली. सोळा वर्षं इंदूरला घोड्यांचंच काम करते आहे. तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय, ‘काही विशेष नाही, इंजेक्शन द्यायचं आणि पैसे घ्यायचे.’ ते वाचलं आणि लिहायला बसले.

दिवस जातो बघण्यात आणि लिहून सही करण्यात. घोडा विकत घेण्याआधी लोक बोलावतात. कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून बघायचं, पाय दुमडून धरायचा आणि सोडल्यावर पहिली दहा पावलं बघायची, लंगडतो का ते. व्यापारी वय आठ सांगतो. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक उभी खाच असते, ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीतून बाहेर दिसू लागते आणि पंधराव्याच्या सुमाराला अर्ध्या दातापर्यंत येते. ती अर्ध्यावर दिसत असताना मी आठ लिहीत नाही. अशी दोन गिऱ्हाइकं कायमची गेली माझी. जाऊ देत.

पण खरं काम कशाला म्हणतात ते मला एका घोडीने शिकवलं.

तुळशीची लग्नं झाली होती, लगीनसराई तोंडावर होती. आमच्या घराशी दोन पिढ्यांचा संबंध असलेल्या घोडीवाल्याचा फोन आला. दादाच्या लग्नात वरातीची घोडी त्याच्याच वडिलांनी आणली होती. गेले. पांढरीशुभ्र नुकरा घोडी, गुलाबी नाक, त्यातल्या एका नाकपुडीतून चिकट शेंबूड. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला गाठी, एकाखाली एक, माळेतल्या मण्यांसारख्या. एक फुटलेली होती आणि तिच्यातून मधासारखा पिवळट पू येत होता. त्याचा बारा वर्षांचा मुलगा गळ्यातल्या गमछाने घोडीचं नाक पुसत होता, आणि मग त्याच गमछाने स्वतःचं तोंड.

ग्लँडर्स हा शब्द मी उच्चारला नाही, पण मनात तोच होता. घोड्यांचा हा जीवघेणा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. घोड्यांसाठी लस नाही. आजारी जनावरावर उपचार करत बसायला परवानगी नाही, त्याला मारून चुना टाकून खोल पुरावं लागतं. जनावरांच्या साथीच्या रोगांवरच्या २००९च्या कायद्याप्रमाणे नुसता संशय आला तरी कळवावं लागतं. मुलाला आधी साबणाने हात-तोंड धुवायला लावलं, गमछा जाळायला सांगितला आणि तिथूनच सरकारी डॉक्टरांना फोन केला.

ते संध्याकाळी आले. मानेच्या शिरेतून रक्त काढलं, त्यातलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, तपासणीला हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राला जाणार होतं. बरोबर जाणाऱ्या फॉर्मवर घोड्याची कोरी आकृती असते, तिच्यावर जनावराची ओळख पटेल अशा खुणा भरायच्या. मालक म्हणाला, “दीदी, सफेद घोडी लिख दो, बस.” नुसतं ‘पांढरी घोडी’ लिहिलं तर उद्या कुठलीही पांढरी घोडी पुढे करता येते. नुकऱ्याच्या अंगावर वेगळा डाग नसतो, म्हणून भोवरेच, म्हणजे केसांची वर्तुळं, मांडावे लागतात. कपाळावर दोन, मानेवर दोन्ही बाजूंना एकेक, गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा. मोबाइलच्या उजेडात तोच एकेका भोवऱ्यावर बोट ठेवत गेला आणि मी कागदावर फुल्या मारत गेले. देवमणावर बोट ठेवताना त्याचा हात थरथरत होता. ही घोडी शुभ म्हणून लोक तिलाच मागायचे.

रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. तोपर्यंत त्याच्या तिन्ही घोड्या जागेवर बांधलेल्या. सात वराती गेल्या, घेतलेला विसार परत द्यावा लागला.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. पायाच्या रसवाहिन्यांना दुसऱ्याच जंतूंचा संसर्ग झाला होता. महिनाभर औषध आणि रोजची मलमपट्टी केल्यावर घोडी बरी झाली, अजूनही वरातीला जाते.

पुढच्या भाऊबीजेला ओवाळून झालं आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “काही नव्हतं ना तिला? मग उगाच गरिबाचा सीझन बुडवलास. उपचार करायला गेली होतीस की खबर द्यायला?” त्याला आता पाच वर्षं झाली. दादा अजून तेच म्हणतो आणि मी अजून तेच उत्तर देते, आज इथेही देते: रिपोर्ट निगेटिव्ह आला हे अकराव्या दिवशी कळलं. मला निर्णय पहिल्या दिवशी घ्यायचा होता. वरातीत नवरदेवाच्या पुढ्यात चार-पाच वर्षांचं पोर बसवतात, घोडीच्या मानेला धरून. ते पोर आपल्या घरचं असतं तर दादा काय म्हणाला असता? रोगाचं निदान चुकलं असतं तर दोष माझा. पण संशय कळवणं ही चूक नाही आणि रिपोर्ट काहीही आला तरी ती चूक ठरत नाही.

चूक आहे ती दुसरीकडे. रोग निघाला आणि जनावर मारावं लागलं तर सरकारी भरपाई आहे. संशयापोटी बांधून ठेवलेल्या दिवसांचा मात्र एक पैसा मिळत नाही. म्हणून घोडीवाले गाठी लपवतात, हळद लावून झूल पांघरतात. त्या अकरा दिवसांचे पैसे द्या, लोक स्वतः फोन करतील. हे मी बैठकींमध्येही बोलले आहे.

सुजलेला प्रत्येक पाय ग्लँडर्सचा नसतो, बहुतेक वेळा नसतोच, हेही सांगायला हवं. वाचून घाबरू नका. आणि त्या घोडीवाल्याने मला पुन्हा बोलावलं नाही, हेही खरं. पहिल्या संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसून नीट समजावलं नाही, कागदांतच गुंतले. दादाच्या बोलण्यातलं तेवढं मला मान्य आहे.

कमाईचं: खाजगी कामात बांधलेलं उत्पन्न नाही. लगीनसराईत फोन थांबत नाहीत आणि पावसाळ्यात महिना महिना शांत जातो. मी पहिली चार वर्षं गाईम्हशींची कामं करूनच घर चालवलं, तुम्हालाही करावी लागतील. ठरलेला पगार हवा असेल तर सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचा, म्हणजे त्यांच्या पशुवैद्यकीय दलाचा, विचार करा, तिथे घोडे आणि खेचरं भरपूर आहेत.

कॉलेज सुरू व्हायला वेळ असेल तर रोज सकाळी एखाद्या तबेल्यात जा, मालकाची परवानगी घेऊन. कोऱ्या कागदावर घोड्याची आकृती काढा, डावी बाजू, उजवी बाजू आणि समोरून तोंड, आणि भोवरे शोधून फुल्या मारा. झालं की कागद मालकाला दाखवा. एखादा राहिला असेल तर तो लगेच बोट ठेवून दाखवतो.