काळे कपडे, परकं शहर आणि आईची काळजी

प्रश्न : ताई, मी सव्वीस वर्षांची, फोंड्याला राहते. कॉलेजपासून गॉथ संगीताचं, म्हणजे त्या संथ, उदास इंग्रजी गाण्यांचं वेड आहे, पण ते हेडफोनपुरतं आणि काळ्या कपड्यांपुरतं. मे महिन्यात कंपनीच्या कामासाठी लंडनला आणि तिथून जर्मनीतल्या लायप्झिगला जायचंय. तिथल्या गॉथ क्लबात एकदा तरी जावं असं फार वाटतं. बरोबर कोणी नाही. काय घालायचं, आत कसं वागायचं, काहीच ठाऊक नाही. आई म्हणते, काळं घालून रात्रभर परक्या गावात फिरणं बरं नव्हे. जाऊ का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : जा गो बाय, नक्की जा.

मी डिचोलीची. 2005 साली नोकरीसाठी लंडनला गेले आणि सहा वर्षं राहिले. पहिल्या हिवाळ्यात ऑफिस आणि खोली याखेरीज मला काही माहीत नव्हतं. एका शनिवारी धीर करून एकटी स्लाइमलाइटला गेले. 1987 साली सुरू झालेला हा क्लब इझ्लिंग्टनमध्ये, एंजल स्टेशनजवळच्या एका इमारतीत भरतो. बाहेरून बघशील तर गोदामच वाटेल. आत मजल्यामजल्यावर वेगळं संगीत, एकीकडे जुनी गिटारची गाणी, दुसरीकडे कारखान्यातल्या घणासारखा ठोका. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि तासभर कुणाशी बोलले नाही.

मग बाथरूममध्ये गेले. आरशासमोर पाच-सहा जणी डोळे रंगवत होत्या. मी पर्समधून आजीची चांदीची डबी काढली. आजी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचं ताट उपडं धरायची आणि जमलेली काजळी तुपात खलायची. ते काजळ करंगळीने डोळ्यांत घातलं तसं शेजारची बाई थांबून बघायलाच लागली. पन्नाशीची असेल, पांढऱ्या केसांत जांभळी फीत. म्हणाली, हे कुठल्या दुकानात मिळतं? मी आजीची सगळी कृती सांगितली, ताटासकट. त्या रात्री तिने मला तिच्या मैत्रिणींत नेऊन बसवलं आणि पुढची सहा वर्षं मी तिथे एकटी कधीच नव्हते.

आता कपड्यांचं. नवं काही घेऊ नकोस. तुझा काळा कुर्ता, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले ऑक्सिडाइज्ड दागिने आणि पायांत मुरलेले बूट एवढं पुरे. नवे बूट घालून गेलीस तर दोन तासांत टाच सोलेल. तिथे पुष्कळ जण गळ्यात क्रॉस आणि जपमाळा घालतात. मी कधी घातली नाही. आमच्या शेजारच्या माई रोज संध्याकाळी ज्या माळेवर तेर्स, म्हणजे ख्रिस्ती जपाची प्रार्थना, म्हणतात ती माझा दागिना होऊ शकत नाही. हे माझं मत, तुझं तू ठरव. मात्र एक गोष्ट मताची नाही : स्वस्तिकाचं लॉकेट असेल तर घरीच ठेव. जर्मनीत नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा आहे, आणि रात्री दोन वाजता दारावरच्या माणसाला आपलं स्वस्तिक वेगळं हे समजावत बसायची वेळ यायला नको.

आणि फोटो. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण आपण गोव्याचे. पणजीत फोंतेन्यासमध्ये लोक आपल्याच घराच्या पायरीवर बसलेले असतात आणि परका माणूस न विचारता कॅमेरा रोखतो. शेवटी तिथल्या लोकांना फोटो काढू नका म्हणून पाट्या लावाव्या लागल्या. तसंच हे समज. तिथे आलेली माणसं कुणी बँकेतली, कुणी शाळेतली, कुणी इस्पितळातली. आठवडाभर गप्प राहून शनिवारी स्वतःच्या मनासारखी सजलेली. तो तमाशा नव्हे, त्यांची बैठक आहे. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही आणि कुणाच्या कपड्यांना, केसांना हात लावायचा नाही. 'हे तू स्वतः शिवलंस का?' एवढं मनापासून विचार, बोलणं आपोआप सुरू होतं.

परतीचं आधी ठरव. शुक्रवार-शनिवारी रात्रभर धावणारी ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे, 2016 साली सुरू झाली खरी, पण नॉर्दर्न लाइनच्या ज्या फाट्यावर एंजल आहे तिथे ती धावत नाही. किंग्ज क्रॉसला मिळते, तिथवर चालत वीसेक मिनिटं. मध्यरात्रीनंतर ती वीस मिनिटं एकटीने चालू नकोस, रात्रीची बस घे. पहिल्या शनिवारी मी बंद शटरसमोर जाऊन उभी राहिले होते, तेव्हा तर रात्रीची ट्यूबच नव्हती. वयाचा पुरावा म्हणून फोनमधल्या फोटोवर विसंबू नकोस. ग्लास हातातच ठेव, खाली ठेवलेला पुन्हा उचलू नकोस. कानांत घालायचे बोळे ने. आणि कार्यक्रमाची तारीख निघण्याआधी बघून घे, दर शनिवारी असेलच असं धरू नकोस.

क्लबच्या आतलं वातावरण बायकांना पुष्कळ निवांत. धोका असलाच तर बाहेरच्या रस्त्यावर. 2007 च्या ऑगस्टमध्ये मी तिथेच होते. लँकशरमधल्या बॅकप गावी सोफी लँकास्टर आणि तिचा मित्र रात्री बागेतून जात असताना पोरांच्या टोळक्याने त्यांना मारलं, केवळ ती दोघं गॉथ दिसत होती म्हणून. सोफी त्यात गेली. वीस वर्षांची होती. 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेला गुन्हा म्हणून करायला सुरुवात केली. तुला घाबरवायला हे सांगत नाही. जाता-येता अंगावर साधा कोट घाल, एवढ्यासाठी सांगते.

लायप्झिगला तुझं नशीब उघडेल बहुतेक. आपले ख्रिस्ती शेजारी ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी जो सण पाळतात, त्याच शनिवार-रविवारला धरून तिथे वेव्ह-गोटिक-ट्रेफन हे गॉथ मंडळींचं संमेलन भरतं, 1992 पासून. वीसेक हजार माणसं येतात आणि सगळं गाव काळं होतं. पहिल्या दिवशी क्लारा झेट्किन बागेत व्हिक्टोरियन कपड्यांतली मंडळी चादरी अंथरून चहा पितात. ते भरदिवसा असतं, तेव्हा सुरुवात तिथूनच कर. मोरित्झबास्टाय हे जुन्या तटबंदीतलं तळघरही बघ. सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांनी ढिगारा उपसून ते मोकळं केलं. त्या विद्यार्थ्यांत पुढे जर्मनीच्या चॅन्सलर झालेल्या अँगेला मेर्केलही होत्या.

राहिली आई. तिला खोटं सांगू नकोस. तिने स्वतः दशावताराला पहाट होईपर्यंत डोळे ताणले असतील, जागरण तिला नवं नाही. काळ्याचं म्हणशील तर संक्रांतीची चंद्रकळा काळीच की! कुठे जातेस तो पत्ता आणि परतायची वेळ तिला लिहून दे. लंडनला मे महिन्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा फोंड्यात सकाळचे साडेसहा. ती तुळशीला पाणी घालत असेल, तेव्हा एक ओळ पाठव : पोचले, बरी आहे.

प्रश्न : मुलगा शिकायला हँबुर्गला गेलाय. फोनवर काळी नखं दिसली. ही मंडळी सैतानाची पूजा करतात असं ऐकतो. खरं का?
— एक बाप, म्हापसा

उत्तर : नाही हो दादा. हे संगीतातून आलेलं आहे. इंग्लंडमध्ये पंक या बंडखोर रॉक संगीताची लाट ओसरताना काही पोरांनी दुःख, मरण, जुनी देवळं-चर्चं यांवर संथ, जड गाणी केली. 1982 साली लंडनच्या सोहोत बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि पेहराव तिथून पसरला. बहुतेकांचा कुठल्या पूजेशीच संबंध नसतो. नखांचा रंग पुसला की जातो. तो जेवतो का, झोपतो का, मित्र आहेत का, हे विचारा. आणि बाउहाउस या बँडचं 'बेला लुगोसीज डेड' हे 1979 चं गाणं त्याच्याकडून मागवून घ्या. नऊ मिनिटांहून मोठं आहे आणि पहिली दोन-तीन मिनिटं कुणी गातच नाही, तेवढं थांबा. मग त्याला फोन करा.