रंगाचा डबा नंतर, आधी गळती शोधा

जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलात, अभिनंदन! हात शिवशिवत असतील, पण लगेच रंगाचा डबा उघडू नका. छताचे कोपरे आणि खिडक्यांखालची भिंत अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागली तर आत पाणी मुरलंय. आधी गळती बंद करा, मग सजावट.

पहिला खर्च दिव्यांवर. जुना १२ व्होल्टचा बल्ब सुमारे १८ वॅट, म्हणजे दीड अँपिअर खातो. एलईडीचं दोन-तीन वॅटमध्ये भागतं. वीजजोडणी नसलेल्या जागी मुक्काम केलात की बॅटरी दुवा देईल. फक्त वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या, नाहीतर आत बसल्यावर दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतं.

शेल्फचं मात्र जपून. इथल्या भिंती म्हणजे तीनेक मिलिमीटरचा प्लाय, मागे फोम किंवा पोकळी. मी हौसेने मसाल्यांचा रॅक नुसत्या प्लायला स्क्रूने लावला. कोलोरॅडोच्या घाटात तो उखडला आणि हळदीची बरणी गादीवर फुटली. ती गादी अजून पिवळी आहे! प्लायमागची आधाराची पट्टी भिंतीवर टकटक करून शोधा आणि स्क्रू तिच्यातच बसवा, पण आखूड घ्या. आत वायरीही असतात.

ओट्यामागे चिकटवायच्या हलक्या टाइल्स चालतील, खऱ्या नकोत. किती सामान पेलेल ते दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर असतं, तेवढं वाचा.

आणि जमिनीलगतचा गॅस अलार्म कपाटाआड जाऊ देऊ नका. शेगडीचा प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तो खालीच साचतो.